सूर्यभानला ऐकू आलेलं पाणी

बहात्तर सालचा पाऊस भोरदऱ्याच्या डोंगरावर आलाच नाही. ढग यायचे, गावावर घटकाभर सावली धरायचे आणि तसेच कोरडे पुढे बीड जिल्ह्याकडे निघून जायचे. दिवाळीला ओढा आटला. संक्रांतीला गावविहिरीच्या तळाला घागर खरडायला लागली. मग सगळं गाव सडकेच्या कामावर खडी फोडायला बसलं आणि रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी नि कामावर मिळणारी पिठाची सुकडी खाऊन दिवस ढकलू लागलं. अशा त्या दिवसांत भोरदऱ्यात एकच माणूस मनातून सुखी होता. त्याचं नाव सूर्यभान, आणि त्याचं सुख हीच पुढे सगळ्यांची पंचाईत झाली.

सूर्यभान पानाड्या होता, म्हणजे जमिनीखालचं पाणी सांगणारा. बाकीचे पानाडे तळहातावर नारळ उभा करतात, नाहीतर कडुनिंबाची बेचकी धरून शेतातून फिरतात. सूर्यभानच्या घराण्याची तऱ्हाच निराळी होती. त्याच्या बापाने त्याला ऐकायला शिकवलं होतं. पहाटे गुरं उठायच्या आत शेतात जायचं, घोंगडी अंथरायची, डावा कान उघड्या मातीला लावून निजायचं आणि श्वास आवरून पडून राहायचं. ज्या दिवशी पानाड्या निजणार, त्या दिवशी तो उठेपर्यंत गावात कुणी जातं फिरवत नसे. पोरं रडली तर बाया त्यांना पदराखाली घेत. सगळं गाव एका माणसाच्या कानासाठी दम धरून बसे. दुसऱ्या कुठल्या माणसाला एवढा मान मिळाला असता तर तो चार बोटं वर चालला असता. सूर्यभान मात्र उठून अंगावरची माती झटकायचा आणि लाजल्यासारखा हसायचा.

जमिनीखालचं पाणी असं ऐकू येतं का, हे शास्त्राला विचारावं. भोरदऱ्याने ते कधी विचारलं नाही. सूर्यभानने सांगितलेल्या विहिरींना बहुधा पाणी लागे, एवढं गावाला पुरत होतं. शेतात शिरतानाच उंबराचं झाड कुठे आहे, वारूळ कुठे आहे, उतार कुणीकडे आहे, या पाण्याच्या खुणा त्याच्या डोळ्यांत भरत असणार. पण आपण बघतो हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. आपण ऐकतो असंच तो मानत आला, आणि बहुतेक पहाटे काहीच ऐकू आलं नाही तर तसं तोंडावर सांगून मोकळा होई.

त्या हिवाळ्यात मात्र त्याला ऐकू यायला लागलं.

पहिल्यांदा आलं ते राहीबाईच्या शेतात. राहीबाई त्याच्या आळीतलीच, नवरा तापाने गेलेली, एका पोरीची आई. तिच्याकडे एक बैलजोडी होती आणि नवऱ्याने लावलेली लिंबोणीची थोडी झाडं होती. झाडं वाळायला लागली तेव्हा ती सूर्यभानच्या दारात येऊन म्हणाली, "भाऊ, एकडाव निजून बघा. न्हाई म्हनालात तर मी गप बसंन."

तो निजला. माती बर्फासारखी गार होती. आणि खालून, लांबून, सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला. सुस्स. मग थांबून पुन्हा सुस्स. आयुष्यभर तो ज्याच्या मागावर होता ते इतकं सरळ, इतकं गोड त्याच्या कानाशी येऊन बोलत होतं. त्याचे डोळे भरून आले. दिवस कासराभर वर आला, गावातली जाती खोळंबली, तरी तो उठेना. शेवटी उठला आणि राहीबाईला म्हणाला, "नदी हाय बाई खाली. हितंच खांदा."

मग त्याला वेडच लागलं. तो रोज कुठेतरी निजू लागला. ओढ्याच्या कोरड्या वाळूत निजला, तिथे पाणी. खळ्यावर निजला, तिथे पाणी. डोंगराच्या काळ्या कातळावर उन्हात निजला, तर कातळाखालूनही तेच सुस्स, सुस्स. वर माणसं तहानेने व्याकूळ झालेली आणि खाली सगळा मुलूख नुसता वाहतोय! त्याला वाटे, हे पाणी पळून गेलेलं नाही, आत जाऊन बसलंय, आणि आपल्यालाच तेवढं हाक मारतंय. दुपारी डोळा लागला की स्वप्नात त्याला जमीन पातळ झालेली दिसे, गायीच्या कातडीसारखी, आणि तिच्या आत निळसर पाण्याच्या शिरा फांद्या फुटत फुटत लांब गोदावरीपर्यंत गेलेल्या दिसत. जागा झाला तरी तो हसतच असे. त्याची बायको चांगुणा मिलोची भाकरी पुढे ठेवून म्हणायची, "अवं, लोकांची तोंडं बघा कशी झालीत, अन् तुमी हसताय? कुनी बगितलं तर काय म्हनंल?"

एकदा घरात गोधडीवर डाव्या कुशीला वळला असताना त्याला तेच पाणी ऐकू आलं. घराखाली पाणी? त्याच्या बापाने तर सांगितलं होतं की या आळीखाली नुसता मांजऱ्या खडक आहे, पाणी न धरणारा. दुसरा कुणी असता तर इथेच चपापला असता. सूर्यभानने मात्र स्वतःची समजूत काढली की पाणी वर चढत चाललंय. माणसाला गोड वाटणारी गोष्ट तपासून बघायचं जिवावर येतं, त्याला तो तरी काय करणार!

इकडे राहीबाईची विहीर खाली चालली होती. खोदायला इब्राहिम होता. त्या भागातल्या निम्म्या विहिरी सूर्यभानने सांगायच्या आणि इब्राहिमने फोडायच्या, असा दोघांचा जुना जोड. सुरुंग उडवून उडवून इब्राहिमचे कान गेले होते, त्याच्याशी ओरडूनच बोलावं लागे. पण त्याचा हात खडकाला लागला की आत भेग आहे का, ओल आहे का, हे तो सांगायचा. राहीबाई खडीचं काम सोडून विहिरीवर राबत होती. फोडलेला दगड पाटीत भरायचा आणि कप्पीवरचा दोर बैलांनी ओढून वर काढायचा. त्या बैलांना आता ना चारा होता ना पोटभर पाणी. त्यांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात इतक्या वर आल्या होत्या. तालुक्याच्या वाटेवर सरकारने जनावरांची छावणी उघडली होती, चारापाणी होतं. पण बैल छावणीत दिले तर दगड कोण ओढणार? राहीबाई रोज सकाळी बैलांच्या मानेवर हात फिरवून म्हणायची, "आजच्या दिस वढा रं बाबांनो. भाऊंनी सांगितलंय, नदी हाय खाली."

इब्राहिमला ते बघवत नव्हतं. एक दिवस त्याने सूर्यभानला विहिरीत बोलावलं. तळाला काळा पाषाण लागला होता, ठणठणीत कोरडा.

"माजा हात म्हनतो हितं कायबी न्हाई," इब्राहिम ओरडला. "तुजा कान काय म्हनतो?"

सूर्यभानने खडकाला कान लावला आणि त्याचा चेहरा उजळला. "वाहतंय गड्या. लई जोरात वाहतंय."

तो उठून वर चढायला लागला. निम्म्या पायऱ्यांवर त्याच्या डाव्या डोळ्यापुढे वरून काळा पडदा सरकत खाली आला. त्याने पायरी समजून हवेतच पाय ठेवला. मागून चढणाऱ्या इब्राहिमने एका हाताने त्याची कंबर धरली आणि दुसऱ्या हाताने, मिळेल तिथे, मान. दोघं भिंतीला चिकटून उभे राहिले. थोड्या वेळाने पडदा जसा आला तसा निघून गेला. पण इब्राहिम हात सोडेना. त्याची बोटं सूर्यभानच्या जबड्याखाली तशीच दाबलेली होती आणि तो डोळे मिटून उभा होता, खडकाला हात लावल्यावर उभा राही तसा.

"सूर्यभान," तो म्हणाला, आणि कधी नव्हे ते हळू म्हणाला, "हितं थरथरतंय काहीतरी. मांजर गुरगुरल्यागत. पानी हितं हाय तुज्या."

खडी नेणाऱ्या ट्रकवर बसवून इब्राहिमने त्याला दुसऱ्याच दिवशी नगरला नेलं. दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या, केस पिकायला लागलेल्या, शांत. त्यांनी त्याच्या मानेवर नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिल्या. सूर्यभानला त्यांचं ते ऐकणं ओळखीचं वाटलं. बाईंनीही श्वास आवरला होता.

मग त्यांनी नळीची टोकं स्वतःच्या कानातून काढून त्याच्या कानात घातली. "ऐका बाबा."

सुस्स. सुस्स. त्याची नदी होती ती. राहीबाईच्या शेतातली, खळ्यावरची, काळ्या कातळाखालची. बाईंनी त्याच्या उजव्या हाताची बोटं त्याच्याच डाव्या मनगटावर ठेवली. नाडी उडत होती आणि प्रत्येक उडीला एक सुस्स. जराही मागेपुढे नाही. सूर्यभान पाटावर बसवलेल्या नवऱ्या मुलासारखा ताठ बसून राहिला.

"ह्ये माजं हाय?" त्याने विचारलं.

"तुमचंच. रक्ताचा आवाज आहे." बाईंनी दोन बोटं फाकवून दाखवली. "मेंदूला रक्त नेणारी नळी इथे जबड्याखाली दोन फाट्यांत जाते. तुमच्याकडे ओढ्याला पूर येऊन गेला की काठचं गवत कसं पडतं?"

"वाहत्या अंगाला. समदं येका अंगाला निजतं."

"नळीच्या आतही तसंच असतं. आतून बारीक पेशींचं अस्तर असतं. सरळ नळीतून रक्त त्यांना घासून एका दमात जातं, त्या घासण्याने त्या लांबट होतात, वाहत्या अंगाला निजतात आणि ठाकठीक राहतात. पण फाट्यापाशी बाहेरच्या भिंतीला रक्त रेंगाळतं, मागे फिरतं, पुन्हा पुढे येतं. तिथल्या पेशींना कुठल्या अंगाला निजावं ते कळतच नाही. त्या विस्कटतात, बिघडतात. त्यांच्या फटीतून चरबी आत शिरते आणि भिंतीवर थर चढत जातो. वर तुम्ही ओढता त्या बिडीचा धूर आहेच."

सूर्यभानने विचार केला. "म्हंजी रगत लई घासतं म्हनून न्हवं, तर नीट घासत न्हाई म्हनून?"

बाई हसल्या. "अगदी तसंच. आम्हाला कॉलेजात उलटं वाटायचं. बाहेर देशी काही लोक अलीकडे असं म्हणायला लागलेत, अजून त्यांची आपसात भांडणं चालू आहेत. मला मात्र पटतं. आता तुमची नळी तिथे अरुंद झालीय, म्हणून रक्त खळखळत जातं. कान दाबला, जमिनीवर टेकला, की तुम्हाला ते मोठ्याने ऐकू येतं. डोळ्यापुढे पडदा आला तो त्याचाच इशारा."

"अन् आवाज बंद झाला तर? म्हंजी बरं झालं आसं समजू?"

"नाही बाबा." बाईंचा आवाज बदलला. "मग लगेच इकडे या, जेवत असलात तरी ताट सोडून या. आवाज येतोय तोवर रक्त जातंय. तिथे शांत झालं तर वाट बंद झाली असेल."

बिडी बंद करा, मीठ कमी खा, रोज चाला, गोळ्या घ्या, असं त्यांनी सांगितलं. सूर्यभान सगळ्याला व्हय व्हय म्हणाला. त्याच्या मनात दुसरंच चाललं होतं. परतीच्या ट्रकवर खडीच्या ढिगाला टेकून तो दोन्ही बाजूंचा उघडाबोडका मुलूख बघत राहिला. कालपरवापर्यंत या सगळ्याखाली पाणी होतं. आज बाईंच्या नळीने ते सगळं उचलून त्याच्या मानेत आणून ठेवलं. एवढी मोठी नदी, आणि शेवटी बोटभर जागेत! त्याला स्वतःच्या जिवाची भीती वाटायला हवी होती, पण त्याला त्या नदीचंच दुःख होत होतं.

गावात आल्यावर लगेच जाऊन राहीबाईला सांगायला हवं होतं. तो गेला नाही. इब्राहिमने ट्रकवरून उतरताना त्याच्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाला, "सांगायचं तुजं तू. मी मदी पडनार न्हाई." सूर्यभान घरी पडून राहिला. चांगुणाला वाटलं दुखणं आहे. दुखणं होतंच, पण ते निराळं होतं. पानाड्या म्हणून त्याच्याकडे दुसरं काय होतं? शेत म्हणाल तर खडकाळ तुकडा. सगळी पत त्या एका कानाची होती, आणि राहीबाईला सांगितलं की ती संध्याकाळपर्यंत पंचक्रोशीत संपणार. पुन्हा कुणी त्याच्यासाठी जातं थांबवणार नव्हतं. मग एक लबाड विचारही आला: अजून थोडं खाली गेलं तर लागेलही पाणी, कुणी सांगावं? आणि लागलं तर मानेतल्या नदीचं कुणाला कळण्याचं कारणच नाही. या विचाराच्या उबेला त्याला झोप लागली, आणि झोपेत पुन्हा त्या निळ्या शिरा दिसल्या. पण या खेपेला त्या जमिनीच्या नव्हत्या. त्या त्याच्या स्वतःच्या होत्या, आणि त्यांच्या काठाने राहीबाईचे बैल तोंड खाली घालून चालले होते, पाणी शोधत, एका फाट्यापाशी येऊन मागे फिरत, पुन्हा पुढे येत.

तो उठला तेव्हा उन्हं चढली होती. विहिरीकडून कप्पीचा आवाज येत होता आणि मध्येच तो थांबला. सूर्यभान गेला तर एक बैल गुडघ्यावर बसला होता. राहीबाई त्याच्यापुढे बसून आपल्या वाटणीचं टँकरचं पाणी तांब्याने त्याच्या तोंडात ओतत होती.

तो तसाच विहिरीत उतरला. तळाला काळ्या पाषाणावर निजला, डावा कान टेकला आणि उजव्या हाताची बोटं मनगटावर ठेवली. सुस्स आणि नाडी. सुस्स आणि नाडी. जे नाडीबरोबर चालत नाही असं काहीतरी ऐकू यावं म्हणून त्याने जीव कानात आणला. एक थेंब, एक झिरपा, काहीही. त्याचं पाणी बाजूला काढल्यावर खाली उरली ती नुसती शांतता, खोल, कोरडी, खरी. बापाच्या हाताखाली तो जी शांतता ओळखायला शिकला होता तीच ही. हिलाच तो इतकी वर्षं बिनदिक्कत "न्हाई" म्हणून सांगत आला होता.

तो वर आला. राहीबाई तशीच बसली होती, इब्राहिम पहारीला टेकून उभा होता.

"बाई, थांबवा खांदनं," तो म्हणाला. "खाली पानी न्हाई."

"भाऊ, तुमीच तर म्हनाला—"

"म्हनालो. मला आवाज येत हुता. पर त्यो जमिनीचा न्हाई, माज्या मानेतला हाय. हितली नळी बारीक झालीया, तिच्यातनं रगत खळखळतं. डॉक्टरनीनं मला ऐकवलं. मी नगरासनं आलो तवाच सांगायला पायजे हुतं. न्हाई सांगितलं. लाज वाटली."

राहीबाई त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या हाताला फोड आले होते, पदराला दगडाची भुकटी होती. "म्हंजी इतकं दिस," ती सावकाश म्हणाली, "आमी तुमच्या मानंत हीर खांदत हुतो?"

इब्राहिमला कसं कोण जाणे ते ऐकू गेलं आणि त्याने तोंड फिरवलं. राहीबाई उठली. ती मारणार असं सूर्यभानला वाटलं आणि मारावं असंही वाटलं. ती जवळ आली आणि तिने आपला खरबरीत तळवा त्याच्या मानेवर, जबड्याखाली ठेवला. घटकाभर तिला काही कळलं नाही. मग तिचे डोळे मोठे झाले. तिच्या हाताखाली ते थरथरत होतं. दिवाळीपासून तिने वाहतं असं काही बघितलं नव्हतं. तिने हात काढला नाही. तिच्या गालावरून पाणी ओघळायला लागलं आणि ते रागाचं होतं की कशाचं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"साऱ्या शिवारात वाहतं पानी येवढंच ऱ्हायलं, भाऊ," ती म्हणाली. "ह्ये तरी जपा."

सूर्यभान रडला. बाप गेला तेव्हासुद्धा तो असा रडला नव्हता.

राहीबाईने नाक पुसलं आणि दोर सोडायला घेतला. उन्हं कलायच्या आत छावणी गाठली तर बैल वाचणार होते. लिंबोणी वाळणार होती, ते तिने मनातून मान्य केलं असावं, कारण झाडांकडे तिने बघितलं नाही. इब्राहिमने बसलेल्या बैलाच्या पोटाला खांदा लावला, सूर्यभानने शेपटाकडून आधार दिला, आणि बैल थरथरत उभा राहिला. एक बैल तिने पुढे घातला. मग वळून ती सूर्यभानपाशी आली. त्याच्या कानावरचा तिचा भरवसा गेला होता, तो पुन्हा येणार नव्हता. पण आत्ताच उठलेल्या त्या अशक्त बैलाचं दावं तिने त्याच्याच हातात दिलं आणि म्हणाली, "चला. सावकाश चालवा त्याला. तुमीबी सावकाश चाला."